एस्थरच्या रूमचं काय झालं

मालकीणबाईंनी मला जिन्यातच थांबवलं. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तेवढा एक दिवस वरच्या रूममधल्या पोरीला मी कुठंतरी घेऊन जावं, असं त्यांचं म्हणणं.

"पोरगी लई चांगली हाय. आमचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पण पाहुणे नवे हायत. उगं कशाला इचारत बसतील?"

मी मान हलवली.

वरची पोरगी म्हणजे एस्थर. टांझानियाहून, म्हणजे आफ्रिकेतून, सोलापूरच्या कॉलेजात शिकायला आलेली. जुळे सोलापूर भागातली ही रूम मीच तिला मिळवून दिली होती. ते माझं कामच आहे. मी एका प्रोजेक्टमध्ये फील्ड वर्कर आहे. आफ्रिकेतून आलेली माणसं परक्या गावात कशी तग धरतात, याचा तो अभ्यास. प्रोजेक्ट चालवणाऱ्या मॅडम त्या तग धरण्याला रेझिलियन्स म्हणतात. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनीच कमिटीत बसून काय काम व्हावं ते ठरवायचं, असा त्यात नियम आहे. पहिल्याच मीटिंगला कमिटीने ठरवलं, आधी रूम मिळवून द्या. मी कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची. मला कानडी येतं, घरमालकिणींशी बोलता येतं, म्हणून चौथीच शिकलेली असूनही मला घेतलं. मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडत नाही. जिन्यात आणि दारात मात्र बोलते.

रूम देताना मालकीणबाईंची एकच अट होती. घरात मासे-मटण शिजवायचं नाही. एस्थर समुद्राकाठची. घरून आणलेली सुकी मासळी तिने मैत्रिणीला देऊन टाकली. मी तिला ज्वारीचं पीठ आणून दिलं. तिच्याकडे मक्याचं पीठ घोटून त्याचा घट्ट गोळा करून खातात. तो ती ज्वारीचा करायला लागली. शेंगाचटणीची तिला सवय झाली. मालकीणबाई कधी खालून आमटीही पाठवायच्या. मॅडमनी मीटिंगमध्ये तिचा चुलीपुढचा, म्हणजे गॅसपुढचा, फोटो पडद्यावर दाखवला. हिने कसं जुळवून घेतलं बघा, असं सगळ्यांना सांगितलं. मलाही वाटलं, खाण्याचं मिटलं म्हणजे रूमचं मिटलं.

रविवारी तिला माझ्या शुक्रवार पेठेतल्या खोलीवर आणलं. परीक्षा तोंडावर होती. ती पुस्तक उघडून बसली, पण पान उलटेना. आम्ही दोघी हिंदीतच बोलतो.

"मावशी, पाहुणे मुझे देखेंगे तो क्या होगा?"

"कुछ नहीं. शादी का मामला है."

"मेरी दीदी को देखने आए थे तब हमने बकरा काटा था," ती म्हणाली. "यहाँ का बकरा भाग के मावशी के घर आया."

आणि हसली. मला हसावं की नाही कळेना.

पाहुण्यांचा नकार आला. कारण त्यांनी दिलं नाही. ते मालकीणबाईंनी शोधलं. वर कोण राहतं ते कुणीतरी पाहुण्यांच्या कानावर घातलं असणार, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मला बोलावून महिनाअखेर रूम रिकामी करायला सांगितली. परीक्षा त्याच्या पुढच्याच आठवड्यात होती.

"अक्का, परीक्षा होईस्तोवर तरी ऱ्हाऊ द्या. तुमी म्हटला म्हणून मासळी सोडली की तिनं."

"मला काय कळत न्हाय व्हय? तिची कायबी चूक न्हाय." त्यांचे डोळे भरून आले. "पण माझ्या पोरीची बी परीक्षाच हाय की. हे तिसरं स्थळ गेलं."

पहिली दोन स्थळं एस्थर यायच्या आधीच गेली होती. ते मी बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी फोन केले, पण प्रोजेक्टला मालकावर जबरदस्ती करता येत नाही, म्हणाल्या. माझ्या खोलीत दुसरं माणूस ठेवायला माझाच मालक तयार नव्हता. मग मी दारोदार फिरले. कुठं फॅमिलीच पाहिजे होती, कुठं रूम कालच गेली होती. एका घरी मुलगी मांसाहार करत नाही म्हटल्यावर बाई खूश झाल्या. कुठली म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग त्यांना आठवलं की भाचा राहायला येणार आहे.

महिना संपायच्या आधी मीटिंग झाली. मॅडम दर वेळी सगळ्यांना विचारतात तेच त्यांनी एस्थरला विचारलं, तुला ताकद कशातून मिळते.

"ताकद है, मॅडम," ती म्हणाली. "रूम नहीं है."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

एस्थर पुण्याला एका ओळखीच्या मुलीकडे गेली. पेपरला एसटीने येईन, म्हणाली. पहिल्या पेपरला आली. स्टँडवरून थेट कॉलेजात गेली, रात्रभर झोपलेली नव्हती. पुढच्या पेपरला आली नाही. त्यापुढच्यांनाही नाही. तिचं वर्ष वाया गेलं. फोन वाजत राहतो, ती उचलत नाही. ती मायदेशी परत जायचं म्हणतेय, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तिचा फोटो मॅडम अजून मीटिंगमध्ये दाखवतात.

या कामात मला एवढंच कळलं. मालक सांगतात ते कारण खोटं नसतं, पण तेवढंच नसतं. ते मिटवलं की त्याच्यामागचं पुढं येतं. म्हणून आता कुणाला रूम मिळाली, की त्याच दिवसापासून मी तिच्यासाठी दुसरी बघायला लागते.