खुर्चीतली पुदिन्याची बाटली

मंडळी, आत्ताच घरी घडलेलं सांगते.

तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून, ग्रिलला बाहेरून सुतळीने टांगून मी पुदिना, मेथी लावलीय. बरोबर खाली तळमजल्यावरच्या आंटीजी रोज दुपारी खुर्ची टाकून बसतात.

आज मोहालीत ऑफिसात असताना आंधी, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, सुटली. टांगलेल्या बाटल्या आठवल्या आणि लगेच खाली फोन लावला. आंटीजी फोन उचलेनात. तशीच स्कूटी काढून घरी आले.

खुर्चीत माती, पुदिना आणि माझी बाटली. आंटीजी कुठेच नाहीत.

धावत वर गेले, तर त्या माझ्याच दाराशी पायरीवर बसलेल्या, धापा टाकत. "बेटा, आंधी आ रही थी. सोचा तुझे बोल दूँ, पौधे अंदर कर ले."

बाटल्या उतरवल्या. खुर्चीही गुपचूप पुसून ठेवलीय. त्यांना सांगू का?