आत्याला रॉकेलमध्ये बुडवलं तेव्हा

बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या कंत्राटदार मालकाने त्यांना एक ट्रक भेट दिला. छोटासा, पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा, पिकअप म्हणतात तसला. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून घाटकोपरच्या वखारीत गंजत पडला होता आणि मालकाला जागा मोकळी करायची होती. बैलजोडी लावून ते धूड मुलुंडला आमच्या अंगणात आणलं. आईने दारातूनच विचारलं, "हे ओवाळायचं की पुरायचं?"

बाबांना मात्र ते हवंच होतं, आणि त्याचं कारण मोठे काका. ताईच्या लग्नात मानाचा नारळ चुकून आधी मामाच्या हातात पडला. मोठे काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, भरल्या पंगतीतून उठले. बाबा विनवायला मागे धावले तेव्हा म्हणाले, "आता गाडी घेऊन न्यायला आलास तरच तुझ्या घरी जेवेन." रागात माणूस वाट्टेल ते बोलतो. पण बाबांनी जन्मभर हेडक्लार्की केलेली, त्यांच्या लेखी शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून काका गिरगावात, आम्ही मुलुंडला, आणि येणंजाणं बंद. मला काकांचा भयंकर राग यायचा. बाबा नुसते झुरायचे. आता त्यांच्याकडे गाडी आली होती. ती खोलायची, गंज घासायचा, रंग द्यायचा, परत जोडायची आणि थेट काकांच्या दारात नेऊन उभी करायची, असा बेत. चालवायला कुणाला येते, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "आधी जोडू तर दे."

खोलायला माणसं दोन, बाबा आणि मी. बाबांचे हात थरथरायचे म्हणून पाना माझ्याकडे. पदर खोचून मी ट्रकखाली शिरले की शेजारीणबाई कुंपणाशी येऊन उभ्या. "अगं, असल्या काळ्या हातांच्या मुलीला कोण पसंत करणार?" मी खालूनच सांगितलं, "ज्याची गाडी बंद पडलीय तो करेल."

पहिल्याच दिवशी घोडं अडलं ते नावांवर. निघालेल्या वस्तूला म्हणायचं काय? इंजिन, चाक, दिवा, इथे आमचं ज्ञान संपायचं. चिठ्ठी बांधावी तर रॉकेलमध्ये अक्षर टिकत नाही. आणि बिननावाची वस्तू बाबांना सहन होत नसे. शेवटी त्यांनी गोतावळाच वाटून टाकला, तेवढा त्यांना तोंडपाठ होता. पुढची जाळीची टाकी, जिच्यात पाणी ओतत राहावं लागतं, नाहीतर तापते, ती आत्या. मोठा दिवा म्हणजे मामा, कारण मामाला चमकायची हौस. रबरी फुग्याचा भोंगा म्हणजे मावशी, आणि मावशीला एकदा भेटलेल्या कुणालाही त्याचं कारण सांगावं लागलं नसतं.

पद्धत उत्तम होती. फक्त बाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळा कारभार ओरडून.

"आत्याला रॉकेलमध्ये बुडवलं का गं?"

"बुडवलं. अजून चिकटच आहे."

"मग उलटी टांग आणि ठोक चांगली."

"बाबा, मामा मागून पार सडलाय."

शेजारीणबाई हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. त्यांचं माहेर अंधेरीचं, आत्याच्याच आळीतलं. पुढच्या हळदीकुंकवाला बातमी तिथे पोचली.

रविवारी आत्या हजर. मला वाटलं, रॉकेलवरून तोंड सोडणार. छे. तिने आधी विचारलं, "यातली मी कुठली?" बाबांनी टाकी दाखवली. ती टाकीभोवती एक फेरी मारून आली. "आणि मामा?" दिवा दाखवला.

"म्हणजे बायकोचा भाऊ सगळ्यांच्या पुढे उजेड पाडणार, आणि सख्खी बहीण त्याच्या मागे पाणी पीत बसणार?"

"अगं, तुझ्याशिवाय ही गाडी चार पावलं जायची नाही," बाबा म्हणाले.

"मग नकोच जाऊ दे." असं म्हणून तिने आईकडून जुनं लुगडं मागून घेतलं, टाकी त्यात गुंडाळली, टांगा बोलावला आणि स्वतःला घेऊन निघून गेली.

आत्याने आपली वस्तू नेली म्हटल्यावर मामा कसले मागे राहतात. ते दिवा घेऊन गेले. मावशी बोरिवलीहून आली आणि आमच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत भोंगा वाजवत गेली. मग चुलत, मावस, आतेभाऊ. थोड्याच दिवसांत ट्रक आमच्याकडे कमी आणि पाव्हण्यांकडे जास्त अशी अवस्था झाली. अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. बाबा ओट्यावर बसून होते. "आता दादाला आणू कसा मी?" एवढंच म्हणाले, आणि मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

आणि एका रविवारी फाटक वाजलं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. मोठे काका. मागे स्टेशनवरून ठरवलेली हातगाडी आणि तिचा हातगाडीवाला. काका पायरी चढले नाहीत. अंगणातच उभे राहून म्हणाले, "सगळ्यांचं काही ना काही निघालं म्हणे इथून. माझं काय ते द्या, घेऊन जातो. जड असणार म्हणून हातगाडी आणलीय."

काकांचं नाव आम्ही कशालाच दिलेलं नव्हतं. नारळावरून उठलेला माणूस, आता हे कळल्यावर जन्मात तोंड दाखवणार नाही.

"तुझं काहीच निघालं नाही, दादा," बाबा म्हणाले.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे यात मी नाहीच."

"आहेस की." बाबांनी विटांवर उभा असलेला लांबलचक लोखंडी सांगाडा दाखवला. "हा तू. सगळे याच्यावरच तर बसले होते. बाकीच्यांना काढून ठेवलं. तुला काढून ठेवू कुठे?"

हे त्यांनी आधीच ठरवलं होतं की तिथल्या तिथे सुचलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

काका वाकले. सांगाड्यावरून बोट फिरवलं, बोटाला तपकिरी भुगा लागला. "गंजलोय रे."

"फार."

"मग घासत का नाहीस?"

"एकट्याने होत नाही."

काकांनी कोट काढून हातगाडीवाल्याच्या हातात दिला आणि पॉलिश पेपर मागितला. दोघे म्हातारे सांगाड्याच्या दोन टोकांना बसून घासू लागले. हातगाडीवाला कोट धरून उभा. मधेच त्याने मला हळूच विचारलं, "माल कौनसा ले जाना है, बाई?" मी म्हटलं, "माल कुछ नहीं. तू बैठ."

दुपारी आईने आतून हाक मारली, रोजच्यासारखी, "हात धुऊन घ्या, पानं वाढलीत." काकांनी विहिरीवर हात धुतले, पायरी चढले आणि पाटावर बसले. वालाचं बिरडं होतं. काका जेवत होते. भात संपला तसं पान पुढे सरकवून त्यांनी आणखी मागितला. आईने वाढला. बाबांच्या पानातलं काहीच हललं नव्हतं.

"तू जेव की रे," काका म्हणाले.

बाबांनी घास उचलला आणि तो तसाच हातात धरून लहान मुलासारखे रडायला लागले.