शेवटच्या गल्लीची दोन मिनिटं

गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या त्या माणसाला सगळे मिनिटराव म्हणत. खांद्यावर लांब लोखंडी चावी, मनगटावर जुनं घड्याळ. वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ संपली की बंद. मग कुणाची बादली अर्धी असो की कुणाच्या डोक्याला साबण असो.

"मिनिटराव, तुमचं लग्न तरी वेळेवर लागलं होतं का?" लोक चिडवत.

"मी वेळेवर होतो. उशीर तुमच्या वहिनींनी केला," ते म्हणत, तेवढ्यात व्हॉल्व्ह बंदही झालेला असे.

त्यांची स्वतःची गल्ली गावाच्या टोकाला, शेवटची आणि त्या गल्लीत त्यांचं घरही शेवटचं. इतर गल्ल्यांना वीस मिनिटं, तर आपल्या गल्लीला ते अठराच देत. पाणीवाल्याने घरच्यांना झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून. वहिनी सोशिक. इतकी वर्षं त्यांनी या दोन मिनिटांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पण त्या वर्षीचा उन्हाळा सरता सरेना. आदल्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला होता. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पाणी चार दिवसांतून एकदा, तेही करंगळीएवढ्या धारेने. दुपारी एखादा ढग यायचा, सगळ्यांच्या माना वर जायच्या आणि तो आपला निघून जायचा. वहिनी रोज सकाळी हात जोडून म्हणायच्या, "देवा, माणसांवर रागावला असशील, पण पाखरांनी तुझं काय केलंय?"

त्यांचं हृदय अधू. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलेलं. पण नळाखाली जेमतेम दीड बादली जमायची. बाकीचं चढावरच्या हापशावरून, एकेक कळशी करून त्याच आणायच्या.

त्या दिवशी पाळी त्यांच्या गल्लीची होती. मिनिटराव चपला घालत होते, तेव्हा त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "अहो, आज तेवढी दोन मिनिटं कापू नका. हापशापर्यंत जायचं बळ नाही अंगात."

"शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी काय म्हणणार? त्यांच्याही कळशा अर्ध्याच राहतात की."

मिनिटरावांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "बघतो," म्हणाले.

वहिनी हसल्या. "तुमचं बघतो म्हणजे नाहीच. कळलं."

अठरा मिनिटं झाली. मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं, घराकडे पाहिलं. चावीवरचा हात क्षणभर थांबला. मग मनाशी म्हणाले, संध्याकाळी आपणच हापशावरून दोन हंडे आणू. आणि चावी फिरवली. घर तीस पावलांवर होतं. संध्याकाळचं तेवढं जाऊन सांगायचं, पण वरच्या आळीची वेळ झाली होती. ते तसेच पुढे गेले.

थोड्या वेळाने शेजारच्या शिंपीणकाकू धावत आल्या. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही.

"भाऊ, चला! वहिनी हापशावर पडल्यात. डोळे उघडत नाहीत."

मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं. तोंडातून शब्द आले ते असे, "अजून चार मिनिटं राहिलीत."

काकूंनी त्यांच्या हातातली चावी हिसकून भिरकावली. "मेली ती मिनिटं! चला म्हणते ना!"

ते पोचले, तोवर सगळं संपलं होतं. कुणीतरी वहिनींच्या चेहऱ्यावर छत्री धरली होती. कळशी भरलेली होती. व्हॉल्व्ह बंद करायचं कुणाला सुचलं नाही. वरच्या आळीला त्या दुपारी तास दीड तास पाणी आलं.

वहिनींच्या शेवटच्या आंघोळीसाठी गल्लीतल्या प्रत्येक घराने पाणी आणून ठेवलं. कुणी तांब्या, कुणी बादली. ओटा भरून गेला. इतकं पाणी त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणाच्या वाट्याचं?" मिनिटरावांनी विचारलं.

"तिच्याच वाट्याचं, भाऊ," काकू म्हणाल्या. "गप्प बसा आता."

चार दिवसांनी गल्लीची पाळी पुन्हा आली. कचेरीतले बदली माणूस देतो म्हणाले होते, पण मिनिटराव स्वतःच गेले. आभाळ कोरडं ठणठणीत. अठरा मिनिटं झाली. ते हलले नाहीत. एकोणीस. वीस. मग व्हॉल्व्ह बंद केला आणि घरी आले.

पाणी आल्याचं कळावं म्हणून नळ कायम उघडाच ठेवलेला असायचा. आज त्याच्याखाली बादली सरकवायला कुणी नव्हतं. सगळं पाणी मोरीतून वाहून गेलं होतं, थोडं उंबऱ्यावरून स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं होतं.

मिनिटराव गुडघ्यांवर बसले. फडकं घेऊन फरशी टिपू लागले. टिपायचे आणि बादलीत पिळायचे, पुन्हा टिपायचे. फरशी कोरडी झाली, तरी किती तरी वेळ ते फडकं पिळत राहिले.