चिखलाच्या खाली काय आहे?

मंडळी, आज नांदेडात जीपला टायर घ्यायला गेलो आणि माझीच परीक्षा झाली.

जीप फोर-व्हील-ड्राइव्ह, उंची वाढवून घेतलेली. मला रुंद टायर हवे होते. खरं सांगतो, ते दिसतात भारी! दुकानातल्या म्हाताऱ्या मामूंनी मात्र उंच, अरुंद टायर पुढं आणून ठेवले.

"हे? हे तर सायकलचे वाटतात," मी म्हणालो.

"गाडी कुठं न्यायची?"

"देगलूरकडं, आमच्या शेतात. काळी माती आहे."

"मंग चिखलाखाली काय हाय? मुरूम असंल तर अरुंद टायर चिखल कापून खाली जातंय अन् मुरूम धरतंय. रुंद टायर वरच्या वर घसरतंय. पण खाली तळच नसंल, तर अरुंद टायर रुतत जातंय. बोला, काय हाय?"

मला सांगता येईना. सातबाऱ्यावर नाव माझं, पण मी इथं कॉलेजात शिकवतो. शेत काकू बघते. तिलाच फोन लावला.

"वाटंला हातभर खाली मुरूम लागतंय," काकू लगेच म्हणाली. "नाल्याकडं लई खोल माती हाय, तिकडं मी बैलगाडी बी नेत न्हाई."

मग तिनं विचारलं, "का रं, शेत इकायलास का?"

टायर अरुंदच घेतले. पण तेव्हापासून एकच विचार करतोय. मी पहिल्यांदाच मातीबद्दल विचारलं, तर काकूला विक्रीच का आठवली?

तुम्ही आज गावी असा फोन केलात, तर पलीकडच्या माणसाला काय वाटेल?