सरांनी न वाचता मारलेला शिक्का

सर मराठीत बोलले, ही त्यांची चूक. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

कावासाकीतल्या आमच्या आयटी कंपनीत मी सगळ्यांत ज्युनियर. सर आमचे मॅनेजर, मुंबईहून पोस्टिंगवर आलेले, इथे त्यांना सहा वर्षं झालेली. आमची टीम एका जपानी बँकेची पेमेंट सिस्टिम सांभाळते. इथली पद्धत अशी की मीटिंगमध्ये जो सगळ्यांत लहान, त्याने मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, लिहायचे. जपानीत लिहायचे, मॅनेजरने त्यावर शिक्का मारायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते समोरच्यांकडे तपासायला पाठवायचे. या बँकेला तर कोण काय बोललं ते माणसागणिक लिहिलेलं लागतं. सगळे या कामाला कंटाळतात. मला आवडतं. पुण्यात कॉलेजात असताना मी मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. कागदावर आलेल्या वाक्याला लोक किती घाबरतात, ते मी तिथेच पाहिलं.

माझ्या शेजारच्या डेस्कवर घानाची एक इंजिनियर बसायची. तिने इथल्याच विद्यापीठात मास्टर्स केलेलं, जपानी माझ्यापेक्षा दहापट चांगलं. बँकेची सिस्टिम एकदा अडकली तेव्हा आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो होतो आणि तिने जेवायच्या सुट्टीआधी दोष शोधून काढला होता. पण ती काँट्रॅक्टवर होती आणि काँट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. बँकेच्या कामाला नवा टीम लीड हवा होता. जो लीड होईल तो कायम होणार, हे ठरलेलं. तिला ती जागा मिळाली नसती तर सात वर्षांचा संसार बॅगेत भरून तिला परत जावं लागलं असतं.

आमच्या मजल्यावर ती एकटीच कृष्णवर्णीय. बँकेच्या इमारतीत तर मी कृष्णवर्णीय माणूस एकाच ठिकाणी पाहिला होता: रिसेप्शनच्या भिंतीवर, ‘विविधता’ असं लिहिलेल्या पोस्टरमध्ये. तो हसत होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बँकेत मीटिंग होती. माझ्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला ती. समोर बँकेचे विभागप्रमुख, साठीकडे झुकलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, लीड म्हणून तुम्ही कोणाचं नाव सुचवता?

सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच मीटिंगचं हसू. खालच्या आवाजात म्हणाले, “हिचं नाव काढू नकोस हं. काळी बघून बँकेचे लोक बिचकतील. आपण दुसरं कुणीतरी देऊ.”

आणि समोर बघून इंग्रजीत म्हणाले, “अजून चर्चा चालू आहे. पुढच्या आठवड्यात नाव कळवतो.”

मराठी म्हणजे सरांना दार लावून घेतलेली खोली वाटते. ट्रेनमध्ये, दुकानात, लिफ्टमध्ये ते लोकांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलतात. आपल्याकडच्या पुष्कळांना ही सवय आहे. मलाही होती.

खाली येताना लिफ्टमध्ये तिने विचारलं, “तुझे सर काय म्हणाले?”

“काही नाही. शेड्यूलबद्दल.”

पत्रकं लिहिणारी मी. सहा मजले खाली येईपर्यंत मी त्या माणसाची बाजू सांभाळली होती.

त्याआधीच्या सप्टेंबरची गोष्ट सांगायला हवी. एदोगावातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. मोदकाची प्लेट हातात घेऊन सर सांगत होते की घरासाठी एजंटला फोन केला, तो म्हणाला, परदेशी का? आणि फोन ठेवून दिला. “सहा घरं, सहा वेळा,” सर म्हणाले. वहिनींनी डोळे पुसले. माझं डोकं फिरलं होतं. त्याच आठवड्यात मी जपानीत पत्रक लिहिलं आणि ओजिमाच्या आमच्या कॉलनीत दारोदारच्या पत्रपेट्यांत टाकलं. त्यात पहिला किस्सा सरांचा होता. याच माणसासाठी मी पन्नास जिने चढले-उतरले होते.

जेवायच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तिथे मी तिला खरं सांगितलं. शब्दाला शब्द. ‘काळी’सुद्धा.

ती चिडली नाही. ओनिगिरीचं प्लास्टिक व्यवस्थित घडी करत बसली. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं. मराठीत बोलताना सर माझ्याकडे बघायचं टाळत होते.” घडी खिशात टाकत म्हणाली, “मिनिट्स तू लिहिणार ना?”

मी लॅपटॉप उघडला. पंधरा मिनिटांत पान भरलं. ‘निर्लज्ज’, ‘वंशद्वेषी’, ‘आम्ही हे खपवून घेणार नाही’. तिने वाचलं आणि बॅकस्पेसवर बोट ठेवून धरलं.

“हे पत्रक आहे. तू मिनिट्स लिही. तो जे बोलला तेवढंच. एक शब्द वाढवलास तर तो सुटेल.”

उरलं ते एवढंच. अकराव्या मुद्द्याखाली: व्यवस्थापक (मराठीत): या उमेदवाराचं नाव सुचवू नये. ती काळी असल्याने बँकेचे लोक बिचकतील.

संध्याकाळी मी चार पानं सरांच्या टेबलावर ठेवली. “सर, मिनिट्स. एकदा वाचून घ्या.” हे मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं, मोठ्याने, दोन माणसांसमोर.

सरांना जपानी बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. सहा वर्षांत शिकले नाहीत, कारण वाचायला आम्ही आहोत. त्यांनी ड्रॉवरमधून गोल शिक्का काढला. त्यावर त्यांचं आडनाव कोरलंय, जपानी अक्षरांत. आले तेव्हा कौतुकाने बनवून घेतला होता, घरच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता. लाल शाईत दाबून त्यांनी तो चारही पानांवर मारला.

“शाबास. तुझं काम कसं वेळेवर असतं बघ,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मिनिट्स पाठवले. चार वाजता विभागप्रमुखांचं उत्तर आलं, आमच्या कंपनीच्या जपानी प्रमुखांनाही प्रत. भाषा एकदम नम्र. लिहिलं होतं की अकराव्या मुद्द्यात बँकेच्या लोकांच्या भावनेबद्दल एक विधान आहे. आम्ही असं कधी बोलल्याचं आठवत नाही. या उमेदवाराबद्दल आम्हाला कुणी विचारलंही नाही. कृपया खुलासा करावा.

सरांनी मोबाइल त्या मेलवर धरून भाषांतर वाचलं. मग मिनिट्सवर धरला. मला काचेच्या खोलीत बोलावलं.

“अगं, हे काय केलंस? ते आपल्यातलं बोलणं होतं!”

“मीटिंगमध्ये होतं, सर.”

“मराठीत होतं!”

“म्हणून तर कंसात ‘मराठीत’ असं लिहिलंय.”

“आपल्याच माणसाचे पाय ओढतेस? परक्या देशात?”

“एजंटने फोन ठेवला तेव्हाही देश हाच होता ना, सर?”

त्यांचा चेहरा उतरताना मी नीट बघून घेतला. नजर खाली घातली नाही. वाईट वाटायला हवं होतं, असं काही जण म्हणतील. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

विभागप्रमुख कुणी संत नाहीत. त्यांना न्यायाचा पुळका आला नव्हता. तो कागद वर गेला तर आपल्या इमारतीबद्दल काय विचारलं जाईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनीच तिला मुलाखतीला बोलावलं आणि दोन तास तांत्रिक प्रश्न विचारले. सरांना बाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती लीड झाली. कायम झाली.

मी तिला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, “जागा माझीच होती. मिळाली. आभार कुणाचे मानू?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि लिफ्टमध्ये तू खोटं बोललीस, ते कुठल्याच मिनिट्समध्ये आलं नाही. मी मात्र लिहून ठेवलंय.” ती हसत नव्हती.

जूनमध्ये तिच्या टीमला दोन माणसं हवी होती. तिने अर्ज चाळले आणि दोघांना निवडलं: एक नायजेरियाचा, एक केनियाची. इथे बायोडेटावर वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवलेला असतो. माणसं नाकारायची तर तेवढा कोपरा पुरतो. तिने फोटो झाकले नाहीत. दोन्ही कागद माझ्या हातात दिले. “तू घेऊन जा. शिक्का अजून त्यांचाच लागतो.”

सरांनी मोबाइल काढला. ओळीओळीवर धरत दोन्ही बायोडेटा शेवटपर्यंत वाचले. नंतर निवडीची तिची कारणं वाचली, तीन पानं. मध्येच एकदा फोटोंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर लॅपटॉप उघडा.

“हेही लिहितेस का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बोलाल ते, सर.”

सरांनी मोबाइल खाली ठेवला. ड्रॉवर उघडला. शिक्का शाईत दाबला.