लाल बासनातली नायिका

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, आणि आज घरी पुस्तकांचे नवे कपाट आले या निमित्ताने, एक कबुली देतो. चित्रपटगृहात पाऊल ठेवणार नाही, हा गुरूंना दिलेला शब्द मी आजवर पाळला. चित्रपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांविषयी मात्र गुरू काही बोलले नव्हते!

पडद्यावर नायक दारात क्षणभर थबकतो म्हणे. कादंबरीत त्या क्षणी त्याच्या मनात काय कालवले, ते दोन पाने चालते. त्या मोहापायी मी साठ कादंबऱ्या जमवल्या. (एकीच्या मुखपृष्ठावरची वेणी उंदराने खाल्ली आहे.) सौभाग्यवती कडाडली, "आणखी एक जरी आणलीत, तर सगळी रद्दी शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे जाईल!" म्हणून एकसष्टावी मी पोथीसारखी लाल बासनात बांधून देवघरात ठेवली.

आणि कडावला सत्यनारायणाची पूजा सांगायला पोथी समजून तीच घेऊन गेलो!

चौरंगासमोर बासन सोडले, तो मोटारसायकलवर बसलेली नायिका! समोर बायकांत सौभाग्यवती. मी बासनाचा काठ वर ओढला आणि पाठ असलेली कथा सुरू केली. पाने नुसती उलटत राहिलो. मुखाने नौका बुडवत होतो, डोळ्यांपुढे मोटार कड्यावर लोंबकळत होती! निभावले, असे वाटले. पण कथा संपल्यावर पोथीला हळदकुंकू वाहतात, हे विसरलो!

यजमानांच्या आई, ठकूबाई, पुढे आल्या. त्यांनी बासन सारले आणि कुंकवाचे बोट हवेतच राहिले.

"गुर्जी, ही कंची देवी हाय?"

मी बासन परत ओढू लागलो. त्या वाकून कुजबुजल्या, "अवो, ही तर त्या पिक्चरमदली! निम्मा झाला नि लाइट गेली. हिचं लगीन होतं का शेवटाला? सांगा, मंग झाकते."

"ठकूबाई, मी अजून तिथवर पोचलो नाही हो!"

"मंग काय उपेग तुमचा?"

"होतं," मागून सौभाग्यवतीचा आवाज आला. "पण नायकाशी नाही, डॉक्टरशी."

ठकूबाईंनी समाधानाने नायिकेला कुंकू लावले. मी पुटपुटलो, "तुला कसे ठाऊक?"

"देवघर रोज कोण पुसतं? आधीच्या साठही वाचल्यात मी. रद्दीचा धाक नसता, तर तुम्ही त्या इतक्या जपल्या असत्यात का?"

आजचे कपाट तिनेच घेतले आहे. किल्ली अर्थातच तिच्या कमरेला. देवाने मला अशी सहवाचक दिली, याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. वाचकहो, आपल्या घरी सुख, शांती आणि पुस्तके नांदोत. आणि शेवट आपल्याला शेवटीच कळो. मला तो रोज तिच्याकडून चहाबरोबर कळतो!