क्लच नसलेला ट्रॅक्टर

तिला सगळे मुकादम म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सगळेच. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायचीही कुणाची छाती झाली नाही. वडील गेले तेव्हा थोरली बहीण लग्न होऊन शहरात गेलेली, धाकटा भाऊ अजून शाळेत, आणि लिंबाची ती छोटीशी बाग हिच्या अंगावर पडली. ती हिने अशी उचलली, की पुढे भावाचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, मुलं शिकून लांब निघून गेली, तरी खाली ठेवली नाही. भाऊ नावापुरता मालक. रोज सकाळी चहा पिऊन झाला की विचारायचा, "ताई, आज काय करू?" पन्नाशी गाठलेला माणूस, बोला!

भावजयीची कथा तर त्याहून वेगळी. नवी नवरी असताना ती एकदा हौसेने खुरपं घेऊन बागेत आली होती. मुकादमने तिला मजुरांसमोर सुनावलं, "तण कुठलं आणि रोप कुठलं हे तरी कळतं का गं तुला? जा, भांडी पडलीत ती घास." मजूर फिदीफिदी हसले. ती गेली आणि पंचवीस-सव्वीस वर्षं घरातच राहिली. बाग तिने पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

मुकादमचं सगळ्यांनी ऐकलं. फक्त तिचा डावा गुडघा काही तिचा मजूर नव्हता, त्याने ऐकलं नाही. मशागतीचं ते हाताने धरायचं यंत्र, त्याच्या मागे मागे चालून गुडघ्याची पार वाट लागली होती. संध्याकाळी तो भोपळ्याएवढा सुजायचा. मग ती खोलीचं दार लावून घ्यायची, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची आणि उशीत तोंड खुपसून कण्हायची. बाहेर आली की पुन्हा ताठ.

दार लावून घ्यायचं कारण होतं. थोरल्या बहिणीचा नवरा वारल्यापासून भावजयीने एक नवा सूर धरला होता. "वन्सं, थोरल्या वन्सं अगदी एकट्या पडल्यात हो. तुम्ही गेलात तर त्यांना सोबत होईल, तुम्हालाही जरा विसावा." किती गोड! थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिचे स्वतःचे गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलेलीच नव्हती. मुकादमला पक्कं ठाऊक होतं, हा गुडघा घेऊन तो जिना एकदा चढला की बाग संपली. तेव्हा गुडघ्याचा पत्ता कुणाला लागता कामा नये, काही झालं तरी नाही.

आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं, ट्रॅक्टर! छोटा, बागेतल्या दोन ओळींच्या मधून जाणारा. सीटवर बसलेल्या बाईचा गुडघा कुणाला दिसतो?

ती भावाला घेऊन निघाली. म्हणजे पिशवी धरायला कुणीतरी हवं म्हणून. झाडांच्या दोन ओळींमधलं अंतर तिने दोरीने मापून गाठ मारून आणलं होतं. पहिला विक्रेता जुने ट्रॅक्टर रंगवून विकणारा. त्याने एका लालभडक धुडावर थाप मारली. "हत्ती आहे ताई, हत्ती!"

"मग सर्कशीला वीक," ती म्हणाली. तिने दोरी त्याच्या चाकांना लावली, चाकं गाठीच्या बाहेर जात होती. फुकट दिला असता तरी तो बागेत शिरला नसता. विक्रेत्याने झाडं तोडायचा सल्ला दिला. त्यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुसरीकडे मात्र हवा तसा मिळाला. नवा, लहानखुरा, फांद्यांखालून जाईल असा बुटका, आणि किंमत खिशाला झेपणारी. दोरी बरोबर बसली. भाऊ खूश झाला. ती वर बसली, डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. गुडघ्यातून अशी काही कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कपाळावर घाम फुटला.

"काय झालं ताई?"

"सीट टोचते मेली," ती म्हणाली आणि हळूहळू खाली उतरली.

उतरताना तिला तो तिसरा दिसला. कोपऱ्यात उभा होता, थोडा वापरलेला, कुण्या रोपवाटिकेवाल्याने परत आणून दिलेला. त्याला क्लचच नव्हता. उजव्या पायाखाली एकच पेडल, पुढे दाबलं की पुढे जातो, मागे दाबलं की मागे. डाव्या पायाला काम शून्य. तिने अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली. आयुष्यात कुणी तिचे लाड केले नव्हते, आणि हे यंत्र जणू तिच्या गुडघ्याला विचारून बनवलं होतं. डोळे भरून आले. ते लपवायला ती म्हणाली, "रंग काही बरा नाही."

जुना असूनही तो दुसऱ्यापेक्षा महाग होता. भावाने डोकं खाजवलं. "ताई, तो नवा होता की. स्वस्तही होता. त्यात खोट काय?"

भोळाभाबडा प्रश्न. आणि विचारणारा सख्खा भाऊ, हिच्या हातचं खाऊन मोठा झालेला. तिथे तिने एवढंच म्हणायला हवं होतं, की बाबा रे, माझा गुडघा गेलाय. पण नाही! मान खाली घालणं तिच्या रक्तातच नव्हतं. ती म्हणाली, "अरे, तो शिकायला सहा महिने जातील. हा? यात शिकायचं काही नाहीच. घरातलं कुणीही चालवू शकेल. उद्या मी चार दिवस आजारी पडले तर काम अडायला नको."

भावाला पटलं. ताईचं त्याला नेहमीच पटायचं. तिने आपली बँकेतली ठेव मोडली. जमीन भावाच्या नावावर, म्हणून ट्रॅक्टरही त्याच्याच नावावर झाला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. चालवणार तर तीच होती.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी शेजारीपाजारी बघायला जमले. शेजारचा नर्सरीवाला आला, त्याची बायको आली, समोरचा गवंडी काम टाकून आला. मुकादमने दोन ओळी चालवून दाखवल्या. एका फांदीला धक्का नाही. नर्सरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. ती राणीसारखी खाली उतरली आणि तिथेच गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण तिची जीभ! दारात भावजय पदराला हात पुसत उभी होती.

"ये गं, तूही बस," मुकादम ओरडली. "बघू तरी, पाय पोचतात का. नर्सरीवाले, जीव प्यारा असेल तर जरा लांब व्हा!"

सगळे खो खो हसले. त्यासाठीच तर तिला बोलावलं होतं. भावजयीचा चेहरा उतरला, पण ती आली. वर चढली. पदर खोचला. मुकादमने खालून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "हे दाबायचं. हे सोडायचं. कळलं का बाई?"

ट्रॅक्टर निघाला. ओळीत शिरला, नाकासमोर सरळ गेला, टोकाला वळला, दुसऱ्या ओळीने परत आला आणि मुकादमच्या पुढ्यात येऊन थांबला. भावजय स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग ती हसली. त्या अंगणात इतक्या वर्षांत ती इतक्या मोठ्याने कधी हसली नव्हती.

"अगं बाई! आधी कुठे शिकलीस?" नर्सरीवाल्याची बायको म्हणाली.

"कुठे नाही हो. वन्सं म्हणाल्या तसं केलं."

दुसऱ्या दिवशी मुकादमला जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजाने. ती धडपडत बाहेर आली तर भावजय अर्धी बाग नांगरून मोकळी झालेली.

"तुम्हाला झोप लागली होती, म्हटलं कशाला उठवा," ती वरूनच म्हणाली.

मग रोजचंच झालं. किल्ली भावजयीच्या जुडग्यात गेली, कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांबरोबर. मुकादमने किल्लीवरून दरडावलं की उत्तर तयार असायचं, "थांबा हं, एवढी ओळ होऊ दे." ती ओळ संपली की दुसरी निघायची. मुकादम चुका काढायला ट्रॅक्टरच्या मागे मागे चालायची, लंगडणं दिसू नये म्हणून काठीने ढेकळं उकरत. एक मूळ तुटलेलं सापडू दे, पाण्याची एक नळी फाटलेली सापडू दे! काही सापडायचं नाही. भावजय काम चोख करत होती, आणि याचाच मुकादमला सगळ्यात जास्त राग यायचा. ती "डावीकडे! डावीकडे घे!" म्हणून ओरडायची. इंजिनच्या आवाजात वर काही ऐकू जायचं नाही. गेलं असेल तरी कुणी वळून पाहिलं नाही.

आणि भाऊ? तो सकाळी चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा आणि बायकोकडे बघून विचारायचा, "आज काय करू?"

एकदा दुपारी भावजय जेवत होती आणि किल्ली ट्रॅक्टरलाच राहिली होती. मुकादमने ते हेरलं. रोज मागे चालून चालून गुडघा आणखी बिघडला होता, पण तिने डावा पाय पायरीवर टाकला आणि अंग वर ओढलं. गुडघ्याने दगा दिला. ती चाकाशेजारी आडवी पडली. हाक मारायची नाही असं तिने ठरवलं होतं. बराच वेळ ओठ आवळून पडून राहिली, आणि मग मारली.

भावजय खरकट्या हाताने धावत आली. तिला उठवताना लुगडं वर सरकलं आणि गुडघा दिसला. काळानिळा, दुप्पट झालेला. भावजय त्या गुडघ्याकडे बघत राहिली, मग ट्रॅक्टरच्या त्या एका पेडलकडे. बाई काही खुळी नव्हती. ती तिथेच मातीत बसली.

"म्हणून क्लच नको होता तुम्हाला," ती म्हणाली.

मुकादमने तोंड फिरवलं.

"एका शब्दाने सांगितलं असतंत वन्सं, तर मी यावर चढलेसुद्धा नसते."

"मग आता उतर," मुकादम म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं, तेही हुकूम सोडल्यासारखं.

भावजयीने तिच्या लुगड्यावरची माती झटकली. तिचे डोळे भरले होते, हे खरं आहे. "आता नाही हो उतरवत," ती म्हणाली.

मग काय राहिलं? डॉक्टर झाले, औषधं झाली, "आता चालणं बंद" असं झालं. भाऊ आणि गवंडी यांनी तिला खुर्चीत बसवून थोरलीकडचे तीन जिने चढवलं. वाटेत दोनदा खुर्ची टेकवली. दुसऱ्यांदा गवंडी म्हणाला, "ताई, वजन आहे हं तुमच्या शब्दाला!" आणि स्वतःच हसला. मुकादम कठडा घट्ट धरून बसली होती, तिची बोटं भावाला एकेक करून सोडवावी लागली.

थोरलीच्या घरात एक पलंग हिला मिळाला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याची टाकी दिसायची. थोरली दिवसभर टीव्हीसमोर. हिने काही बोलायला तोंड उघडलं की ती आवाज वाढवायची. इथे हुकूम द्यायला कुणी नव्हतं. पहिले काही दिवस हिने मोलकरणीवर हुकूम सोडून पाहिले, तर ती म्हणाली, "आजी, पगार तुमची बहीण देते."

तरी तिने आशा सोडली नव्हती. पलंगावर पडल्या पडल्या ती हिशेब मांडायची. छाटणीच्या वेळी ते चुकतील. कुठल्या झाडाला कीड आधी लागते ते त्यांना कुठे माहीत आहे? बहरासाठी झाडांचं पाणी कधी तोडायचं हे तरी कळतं का? एक हंगाम जाऊ दे. नाक मुठीत धरून येतील, खुर्ची घेऊन.

लिंबं उतरल्यावर भाऊ आला. एकटाच. पिशवी टेबलावर ठेवली, घाम पुसला, पलंगाच्या कडेला बसला. तिने एक लिंबू हातात घेतलं, दाबलं, नाकाला लावलं. साल पातळ, रसदार, खोट काढायला जागा नव्हती.

"मग?" ती म्हणाली. तिने आवाज जमेल तेवढा सहज ठेवला होता. "माझ्यावाचून बरंच अडत असेल."

भाऊ कधी खोटं बोलला नव्हता, त्याला ते येतच नव्हतं. ताईने विचारलं म्हणजे नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. छाटणी आठवली, फवारणी आठवली, पाणी, मजूर, बाजार, सगळं एकेक करून आठवलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. थोरलीच्या टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं.

मग त्याचा चेहरा उजळला. ताईला तेवढाच दिलासा, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने तिचा हात हातात घेतला.

"नाही गं ताई. काही म्हणजे काहीच अडलं नाही. तू अजिबात काळजी करू नकोस."

शेवटची बस होती म्हणून तो चहाला थांबला नाही.